उंबऱ्यावरचा नमस्कार

त्यांच्या घरात शिरण्यापूर्वी उंबऱ्याशी थांबून दोन्ही हात जोडावे लागत. आत देव्हारा होता, परंतु हा नमस्कार देवाला नव्हता. तो पुस्तकांना होता, आणि आगाऊ होता. दारापासून बैठकीच्या खोलीपर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी रचलेल्या पुस्तकांनी इतकी चिंचोळी झाली होती की कितीही जपून पाऊल टाकले तरी कोठे ना कोठे पाय लागणारच. विद्येला पाय लागला तर वाकून तिला हात लावावा, ही आपली लहानपणापासूनची शिकवण. त्या वाटेत वाकण्यापुरतीही जागा नव्हती. म्हणून त्यांनी ही सोय काढली होती.

"आत किती वेळा पाय लागेल ते आपल्या हातात नाही," ते दारातच सांगत. "सगळ्यांचा मिळून एक नमस्कार इथे करून टाका, म्हणजे मोकळ्या मनानं बसता येईल."

हा नियम सर्वांना सारखाच होता. गॅसचे सिलिंडर आणणारा माणूसही सिलिंडर खाली ठेवून हात जोडी आणि मगच पुन्हा खांद्यावर घेई. मी आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकवले, धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचले. पण अपराधापूर्वीच क्षमा मागून ठेवण्याची ही युक्ती मला कोणत्याही ग्रंथात आढळली नव्हती. पहिल्या दिवशी मला तिचे कौतुक वाटले होते. पुढे एका दुपारी त्याच उंबऱ्यावर सगळे अडून उभे राहिले, तेव्हा तिचा दुसरा अर्थ मला दिसला.

मुलाच्या आग्रहावरून मी भूगावला राहायला आलो, तेव्हा आमच्या चौथ्या मजल्यावर समोरच्या दारात हे गृहस्थ राहत होते. पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. उंच, काटक, हातात सदैव मोजपट्टी. सगळी इमारत त्यांना 'साहेब' म्हणे, आणि त्यांच्या पत्नीला 'वहिनी'. मूलबाळ नव्हते. घर दोन खोल्यांचे आणि स्वयंपाकघराचे. पण त्यांतली आतली खोली मी तिथे गेलो तेव्हाच खोली उरली नव्हती.

पुस्तकांसाठी त्यांनी एकही कपाट केले नव्हते. कपाट हा त्यांच्या मते अडाणीपणा होता. "फळी पुस्तकाला धरते, म्हणजे पुस्तक स्वतः उभं राहायला कधी शिकतच नाही," असे ते म्हणत. ते पुस्तके दगडी बांधकामासारखी रचीत. जाड बांधणीची खाली, पातळ वर. एक थर आडवा, एक उभा. आणि खालच्या दोन पुस्तकांच्या फटीवर वरच्या पुस्तकाचा मध्य. "सांध्यावर सांधा आला की भिंत संपली, गुरुजी." आतल्या खोलीत अशा भिंती छताला भिडल्या होत्या आणि त्यांच्यामधून एका माणसापुरती बोळकंडी होती. एखादा ग्रंथ मधल्या थरातून हवा झाला, तर आधी तेवढ्याच जाडीचे दुसरे पुस्तक हाताशी घ्यायचे, एक ओढायचे आणि त्याच क्षणी दुसरे सरकवायचे. ह्या कामासाठी त्यांनी जुन्या स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके वेगळी ठेवली होती. एकदा एक कोश मला चाळायला हवा होता. त्यांनी तो काढून दिला आणि परत नेऊन देईपर्यंत ते तीन वेळा माझ्या दाराशी आले. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: "फार घाई नाही, पण झालं का? त्या जागी टेकू लावलाय. टेकू तो टेकूच."

ही पुस्तके ते विकत घेत नसत. महिना संपत आला की ते दोन मोठ्या पिशव्या घेऊन मारुंजीला जात. तिथे भाड्याने राहणारी तरुण मंडळी महिनाअखेरीस घरे बदलतात. सोसायट्यांच्या फाटकांशी टेम्पो भरले जातात आणि टेम्पोत जे मावत नाही ते भिंतीशी टाकून माणसे निघून जातात. त्यांतून साहेब पुस्तके उचलून आणीत. संगणकाच्या कालबाह्य भाषांवरचे ठोकळे, पाककृती, गीतेच्या टीका, मुलांची चित्रमय वर्णमाला, कोणा अनोळख्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पहिल्या पानावर लिहिलेल्या कादंबऱ्या. निवड नाही, नकार नाही. मी एकदा म्हणालो, "साहेब, ह्यांतली काही तरी नको असलेली असतीलच." ते गंभीरपणे म्हणाले, "नको असलेलं पुस्तक म्हणजे काय, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही."

"माझ्याबरोबर माहेरून एक पोथी आली होती," वहिनी आतून म्हणाल्या. "तिचीच ही पिलावळ."

वहिनींनी घरातली एकच जागा राखली होती, स्वयंपाकाचा ओटा. निजायची खाट अर्धी गेली होती, बाल्कनी केव्हाच गेली होती, धुणे त्या माझ्या सुनेच्या दोरीवर वाळत घालीत. पण ओट्याच्या कडेशी त्या सीमेवर उभ्या असल्यासारख्या उभ्या राहत. "ह्याच्यावर एक पान जरी आलं, तरी मी चांद्याला भावाकडे निघून जाईन. पाट्यावरवंट्यासकट." हे त्या हसत म्हणत, परंतु साहेब त्यावर कधी हसत नसत. ओट्याशी येताना हातातले पुस्तक ते पाठीमागे धरीत.

आमच्या खालच्या मजल्यावर, साहेबांच्या घराच्या बरोबर खाली, तात्या राहत. ही सगळी जमीन मुळात त्यांची. जिथे आज आमच्या मोटारी उभ्या राहतात, तिथे त्यांची मेंढरे बसत. बिल्डरकडून त्यांना मोबदल्यात तो फ्लॅट मिळाला होता आणि इमारतीच्या मागे जमिनीचा एक तुकडा उरला होता. त्यावर मेंढरांची जुनी पत्र्याची शेड रिकामी उभी होती. तात्या फटकळ होते, पण मनाने निर्मळ. जिन्यात साहेब पिशव्यांसह भेटले की ते विचारीत, "काय साहेब, वरती किल्ला बांदताय व्हय? आमी खालनं तोफा लावू का?"

तो विनोद एका श्रावणात संपला. तात्या सकाळीच वर आले आणि उंबऱ्यावर नमस्कार न करताच म्हणाले, "साहेब, जरा खाली चला. आमचं छत बगा."

मीही गेलो. आतल्या खोलीच्या छताला एका कडेपासून मधल्या पंख्यापर्यंत भेग गेली होती. खाली तात्यांच्या लेकीसाठी खाट मांडली होती. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तात्यांची आई बाहेरच्या खोलीत पडून असे, म्हणून लेकीला ही आतली खोली दिली होती. ती पोर दाराशी भिंतीला टेकून उभी होती आणि छताकडे न पाहता साहेबांच्या तोंडाकडे पाहत होती.

"प्लास्टर आहे," साहेब म्हणाले. "स्लॅब नाही. प्लास्टर उगीच कुरकुरतं."

"कुरकुरतंय तुमच्या वज्यानं," तात्या म्हणाले. "आमाला इंजनेरी कळत न्हाई. आमाला एवडंच कळतंय, की हितं माजी लेक निजती."

साहेब बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. मग वर जाऊन काचेची एक अरुंद पट्टी घेऊन आले. स्टुलावर चढून त्यांनी ती भेगेवर आडवी ठेवली आणि दोन्ही टोके दोन बाजूंना प्लास्टरने पक्की चिकटवली. खाली उतरून हात पुसत ते म्हणाले, "धरणाच्या भिंतीला भेग दिसली की आम्ही हेच करायचो. भेग स्थिर असेल तर काचेला काही होणार नाही. ती केसाएवढी जरी हलली तरी काच फुटेल. काच फुटली, तर त्या दिवशी मी आतली खोली मोकळी करीन. हा माझा शब्द."

"सबूद?" तात्यांनी विचारले.

"शब्द."

तेव्हापासून साहेबांचा दिवस तात्यांच्या घरी सुरू होऊ लागला. सकाळी आंघोळ झाली की ते खाली जात, छताकडे पाहत, काही न बोलता वर येत. सुरुवातीला मला हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा भाग वाटला, आणि तो होताही. परंतु भाद्रपद सरत आला तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. जिना चढून आल्यावर ते दारातच थांबू लागले. मारुंजीला जाणे त्यांनी बंद केले नाही, मात्र पिशव्या आता एकात एक घालून एकच आणीत.

नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन करतात. तेव्हापासून श्रवण नक्षत्रावर विसर्जन होईपर्यंत वाचू नये, लिहू नये, शिकवू नये, असे शास्त्र आहे. ज्या पुस्तकांवर देवीला बोलावले ती तिचे आसन होतात आणि त्यांना हलवायचे नसते. साहेबांकडची ही पूजा दरवर्षी मीच सांगत असे. पाटावर एक ग्रंथ मांडायचा, तो सर्वांचा प्रतिनिधी. त्या वर्षी पाट मांडला, रांगोळी झाली, आणि मी संकल्पाला आरंभ करणार तोच साहेब म्हणाले, "गुरुजी, ह्या वर्षी प्रतिनिधी नको. आवाहन सगळ्यांवर करा. आतल्या खोलीतल्या सगळ्या पुस्तकांवर."

मला आनंदच झाला. इतकी वर्षे त्यांची भक्ती मला अभियंत्याच्या हिशेबी भक्तीसारखी वाटत आली होती. त्या दिवशी तिला पूर आलेला दिसला. आम्ही दोघांनी बोळकंडीतून आडवे होत, हात पोचेल तिथवर आणि हात न पोचेल तिथे फेकून, अक्षता वाहिल्या. हळदकुंकवाची बोटे भिंतींना लावली. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी नैवेद्याची वाटी माझ्या हाती दिली, पण पूजेच्या खोलीत त्या आल्या नाहीत. त्याचा अर्थ मला तेव्हा उमगला नाही.

त्याच रात्री तात्यांची लेक दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा. विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी ती बाळाला घेऊन घरी आली. जिन्यात पेढे वाटले गेले. आणि दुपारी, मी जेवून जरा टेकलो असता, जिन्यावर जोरात चढणाऱ्या पावलांचा आवाज आला.

मी दार उघडले. तात्या साहेबांच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. श्वास लागलेला, उजवा तळहात पुढे केलेला. तळहातावर काचेच्या पट्टीचा अर्धा तुकडा होता.

"उशीवर पडला," ते म्हणाले. "लेक न्हाणीत व्हती, बाळ भाईर माज्या आईच्या कुशीत व्हतं, म्हून. न्हाईतर... साहेब, काच फुटली."

साहेब दारात आले. त्यांनी तुकड्याकडे पाहिले, हातात घेतला नाही.

"लेकीला बाहेर आणली का?" वहिनींनी मागून विचारले.

"आणली की! पण भाईरची खोली काय येगळ्या गावात हाय व्हय? वज्जं एकच, स्लॅप एकच." तात्यांनी तळहात आणखी पुढे केला. "साहेब, सबूद दिलता तुमी."

"दिलाय," साहेब म्हणाले. "तो पाळणार आहे. पण तात्या, आत देवी बसवली आहे. उद्या दुपारी श्रवण लागतं. विसर्जन झालं की पहिलं पुस्तक मी स्वतः काढतो. एक दिवस थांबा. आज त्यांना हात लावता येत नाही."

तात्या उंबऱ्यावर आले नाहीत. पाऊल उचलले आणि मागे घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, आमाला सोयर हाय, म्हून मी आत येत न्हाई. देवी बसलीया, आमी तिला इटाळ करणार न्हाई. न्हाईतर आत्ता माज्या हातानं काडली असती समदी. तुमी सांगा. देवीला इचारून सांगा. माज्या नातवाला उद्या दुपारपतोर हाय का टाईम?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. खालच्या मजल्यावरून बाळ रडल्याचा आवाज जिन्यातून वर येत होता. आत खोलीत, पुस्तकांच्या भिंतींवर, मी वाहिलेल्या अक्षता अजून चिकटलेल्या होत्या. आवाहन मी केले होते. मंत्र माझ्या तोंडचे होते. एका माणसाला आत येता येत नव्हते आणि दुसऱ्याला आतले बाहेर काढता येत नव्हते; दोघांचीही अडचण शास्त्राची होती आणि शास्त्र सांगणारा म्हणून त्या क्षणी तिथे मी उभा होतो.

मी साहेबांना म्हणालो, "एक विचारतो. आवाहनाच्या दिवशी सकाळी आपण नेहमीप्रमाणे खाली गेला होतात ना?"

त्यांनी मान डोलावली.

"तेव्हा काच कशी होती?"

"केसासारखी रेघ होती," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "वर आले ते बोललेच नाहीत. तासाभरानं म्हणाले, गुरुजींना सांगू, ह्या वर्षी सगळ्यांवर आवाहन करू. मी तेव्हाच समजले. देवीला रखवालीला बसवताय म्हटलं. मला म्हणाले, तू ओट्याचं बघ."

साहेबांनी नाकारले नाही. अशा वेळी माणूस रागावतो किंवा रडतो. त्यांनी दोन्ही केले नाही. खिशातली मोजपट्टी काढून ती हातात उलगडीत आणि मिटीत राहिले. मग अतिशय हळू म्हणाले, "रेघ काचेच्या वरच्या पृष्ठभागावर होती. आरपार नव्हती. मला वाटलं, चार दिवस निघतील."

मी आजवर अनेकांच्या घरी पूजा सांगितल्या आहेत. देवाकडे माणसे धन मागतात, पुत्र मागतात, शत्रूचा नाश मागतात. देव अडसर म्हणून दाराला लावलेला मी प्रथमच पाहत होतो. तरीही मला त्यांचा राग आला नाही, हे मला सांगितले पाहिजे. ज्याच्या ओझ्याला ते भीत होते ते त्यांच्या बोळकंडीच्या दोन्ही बाजूंना उभे होते, आणि त्याला सोडून ते जगू शकतील असे त्यांना वाटत नव्हते.

"उत्तरपूजा आत्ता करता येते," मी म्हणालो. "संकटकाळी काळवेळ पाहायची नसते, हेही शास्त्रच आहे. देवी रखवालदार नाही, साहेब. ती पाहुणी आहे. खाली बाळ निजले आहे, हे कळल्यावर ती आसनावर बसून राहील, असे आपल्याला वाटते का?"

वहिनींनी न सांगताच अक्षतांची वाटी आणली. मी उंबऱ्यावर नमस्कार केला आणि आत गेलो. गंध, फूल, धूप, दीप, गुळाचा खडा. तात्या बाहेर टाचा उंचावून पाहत होते. मंत्र संपले. आता एवढेच राहिले होते की यजमानाने अक्षता वाहून आसन आपल्या हाताने किंचित हलवायचे. तेवढे झाले की देवता गेली, आणि मागे राहिली ती वस्तू.

मी अक्षता साहेबांच्या ओंजळीत दिल्या. त्यांनी त्या वाहिल्या. मग हात भिंतीपाशी नेला आणि तो तिथेच थांबला. बोटे पुस्तकाच्या कण्यावर टेकलेली, पण हलत नव्हती. मी वाट पाहिली. देवाच्या कामात घाई मी कधी केली नाही. परंतु त्या दिवशी मला छतापेक्षाही पायांखालच्या फरशीची जाणीव होत होती. खाली बाळ पुन्हा रडू लागले. कोणी तरी त्याला जोजवू लागले. त्याच्या आईचा आवाज फरशीतून यावा इतका स्पष्ट येत होता.

"सरकवा, साहेब," तात्या बाहेरून म्हणाले. आवाजात आता राग नव्हता. "नुसतं सरकवा. म्होरलं आमी बगतो."

साहेबांनी ते सरकवले. बोटभर. पुस्तक वरच्या थरातले होते, वर्णमालेचे, मारुंजीहून आणलेले. त्यावरच्या अक्षता घरंगळून खाली पडल्या. मी म्हणालो, "झाले. आता ही पुस्तके आहेत. तात्या, आत या."

त्यानंतर जे घडले ते मी विसरणार नाही. साहेबांच्या पाठीचा कणा ताठ झाला आणि गळ्यातून मी कधी न ऐकलेला आवाज निघाला. बांधकामावर शेकडो माणसांना हुकूम देणारा. "वरून काढा! मधलं कुणीही ओढायचं नाही, ढासळेल. वरचा थर पूर्ण, मग खालचा. दाराकडची भिंत शेवटी. एका वेळी खोलीत दोनच माणसं!" तात्यांनी गावाकडची पाच-सहा माणसे बोलावली. इमारतीतली मंडळी जिन्यावर पायरीपायरीला उभी राहिली आणि पुस्तके हातांहातांतून खाली जाऊ लागली. तात्यांचा एक भाऊबंद ओरडला, "आरं, पाय लागतोय पुस्तकास्नी!" तात्या वरून म्हणाले, "उंबऱ्यावं नमस्कार केलास न्हवं? मग चल की म्होरं!"

कोठे न्यायची हा प्रश्न तात्यांनीच सोडवला. "मागची शेड हाय की. मेंढरं गेली, मोकळीच पडलीया. जमिनीवर हाय, साहेब. तिच्या खाली कुणी न्हाई."

हे शेवटचे वाक्य ऐकून साहेब जिन्यात मधेच थांबले. हातातला गठ्ठा त्यांनी छातीशी धरला आणि मान खाली घातली. तेवढाच एक क्षण. मग पुन्हा उतरू लागले.

दिवेलागणीला आतली खोली रिकामी झाली. फरशीवर पुस्तकांच्या भिंतींच्या जागी फिकट पट्टे उमटले होते. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या, आणि दोन्ही हात बाजूंना पसरून पाहिले. हातांना काही लागले नाही. "केवढी आहे हो ही," त्या म्हणाल्या आणि तिथेच फरशीवर बसल्या.

पुढे सोसायटीने तज्ज्ञ बोलावला, तात्यांच्या छताला खालून लोखंडी तुळई लागली, भेग भरली गेली. साहेबांनी शेडमध्ये पुस्तके पुन्हा रचली, सांध्यावर सांधा येऊ न देता, पूर्वीसारखीच. दिवसाचा बराचसा वेळ ते तिथे असत. शेडला उंबरा नव्हता, म्हणून त्यांनी दाराशी एक दगड बसवून घेतला आणि येणाऱ्याला त्यावर थांबायला लावू लागले. पिशव्या पुन्हा दोन झाल्या.

भरलेल्या भेगेवर त्यांनी काचेची नवी पट्टी लावली होती. तुळई असता तिची आता गरज नाही, असे तज्ज्ञाने सांगितले, तरी त्यांनी ऐकले नाही. रोज सकाळी आंघोळ करून ते खाली जात. पूर्वी ते पाहून काही न बोलता परत येत; आता पाहिल्यावर मोठ्याने सांगत, "शाबूत आहे." ते ऐकल्याखेरीज तात्या चहा टाकीत नसत. बाळ बसू लागले, उभे राहू लागले, आणि साहेब आले की मान मागे टाकून छताकडे पाहू लागले.

साहेबांना जाऊन आता दोन वर्षे झाली. तात्यांनी घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याला ती पट्टी काढू दिली नाही; तिच्याभोवतीने ब्रश फिरवायला लावला. सकाळी वहिनी खाली जातात. मीही कधी सोबत असतो. त्या छताकडे पाहतात, काच शाबूत आहे असे सांगतात, वर पाहतच हात जोडतात, आणि मगच चहाला बसतात.